वस्तुसंग्रहालय आणि लोकसंपर्क : वऱ्हाडच्या अनुभवावरून एक विचार

राष्ट्रीय संग्रहालयाचा लोकसंपर्क म्हटला म्हणजे वृत्तपत्रांस दिलेली निवेदने, उद्घाटनाचे समारंभ आणि प्रेक्षकांची संख्या एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे येते. वस्तू मिळविणे व त्यांचे जतन करणे हे संग्रहालयाचे मूळ कार्य, आणि लोकांस त्यांची वार्ता देणे हे त्यानंतरचे, असा समज रूढ आहे. मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा इतिहास पाहता हा क्रम पुरता बरोबर नाही असे दिसून येते. लोकांपर्यंत वार्ता गेली नाही, तर पुष्कळशा वस्तू संग्रहालयापर्यंत येतच नाहीत, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. सर रिचर्ड टेम्पल त्या वेळी मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. लोकांनी या वास्तूस ‘अजब बंगला’ हे नाव दिले व तेच रूढ झाले. कलकत्त्याच्या संग्रहालयासही लोक ‘जादूघर’ म्हणत. या नावांत कौतुक आहे. परंतु ते दुरून पाहणाऱ्याचे कौतुक होय. अजब वस्तू परक्या ठिकाणाहून येतात. आपल्या शेतात सापडलेले खापर वा नाणे तेथे जाण्याच्या योग्यतेचे असू शकते, हा विचार या नावातून सुचत नाही.

वस्तुतः संग्रहालयास मोठी देणगी मिळाली ती खेड्यांतूनच. १८७० साली आजच्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरिया येथे गुरे राखणाऱ्या मुलांना एक प्राचीन निक्षेप सापडला. त्यात तांब्याच्या ४२४ व चांदीच्या १०२ वस्तू होत्या. त्यांपैकी काही नागपूरच्या संग्रहालयात, तर काही लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात गेल्या. असल्या शोधांसाठी पुढे १८७८ साली भूमिगत निधीचा कायदा झाला. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे त्याने बंधनकारक केले. सरकारने निधी घेतल्यास धातूची किंमत व तिचा एक पंचमांश एवढी रक्कम देण्याची त्यात तरतूद आहे.

या कायद्याची मर्यादा तऱ्हाळ्याच्या उदाहरणावरून ध्यानात येते. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांतास जोडला गेला, आणि त्यामुळे नागपूरच्या संग्रहालयाचे क्षेत्र पश्चिमेकडे विस्तारले. १९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील, आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या मंगरूळपीर तालुक्यात, तऱ्हाळे येथे सातवाहनांची सुमारे १६०० नाणी मिळाली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुराणांच्या राजावलीत नसलेली कुंभ, कर्ण व शक या सातकर्णींची नावे या नाण्यांमुळे उजेडात आली. ही नाणी सोन्याचांदीची नव्हती. हलक्या मिश्र धातूची होती. धातूच्या मोलाने पाहिले तर ती कवडीमोल. ती वितळविली गेली असती, तर तीन राजांची नावे इतिहासास मिळाली नसती. अशा वस्तूचे रक्षण पंचमांशाच्या लोभाने होत नाही. तिचे मोल कशात आहे हे माहीत असल्यानेच होते.

राष्ट्रीय संग्रहालयाच्या जन्मकथेतूनही हेच सूचित होते. १९४७–४८ च्या हिवाळ्यात लंडन येथे भारतीय कलेचे प्रदर्शन भरले. परत आलेल्या वस्तू आपापल्या संग्रहालयांस पाठविण्यापूर्वी त्या दिल्लीत लोकांस दाखविण्यात आल्या. त्या प्रदर्शनास यश लाभले, आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन झाले. लोकांची आस्था ही त्या संस्थेच्या पायातील एक चिरा आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

ही आस्था राजधानीपासून दूर कशी पोहोचावी, हा खरा प्रश्न आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनचे उदाहरण घ्यावे. पैनगंगेच्या खोऱ्यातील या भागात चुनखडक विपुल आहे. त्यावर आधारलेला सिमेंटचा उद्योग येथे उभा राहिला आहे. वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. पूर्वी नांगराच्या फाळास लागणारी वस्तू शेतकऱ्याच्या हाती तरी येई. आता यंत्राच्या एका फटकाऱ्यात ती मातीसह नाहीशी होऊ शकते. ती पाहणारा पहिला माणूस यंत्रचालक वा मजूर असणार. मराठीबरोबर गोंडी, कोलामी व तेलुगू भाषाही या मुलखात कानी पडतात. इंग्रजी वा हिंदी निवेदनाने त्या मजुराचा संग्रहालयाशी संबंध जुळणार नाही.

तेव्हा संग्रहालयाच्या लोकसंपर्काची धुरा वाहणाऱ्याने आपले कार्य संशोधनाचेच अंग समजले पाहिजे. काय सापडल्यास हात थांबवावा, कोणास कळवावे, आणि कळविल्याने आपले काम वा जमीन यांस कोणती बाधा येईल किंवा येणार नाही, या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे शाळा, ग्रामपंचायत, बाजार व खाण येथे लोकांच्या भाषेत मिळावयास हवीत. वस्तूखालील पाटीवर गावाचे नाव ठळक असावे, आणि ती पाटी त्या गावापर्यंतही जावी. गुंगेरियाच्या मुलांना जे सापडले ते सुदैवाने टिकले. इतिहासाची साधने दर वेळी सुदैवावर सोपविणे हे विद्येस शोभणारे नाही.