संगणकांची स्पर्धा आणि भागधारक

कंपनीचे शेअर विकत घेणे सोपे. ते किती काळ राखावेत हे ठरविणे कठीण. धंदा जुना, नाव मोठे आणि लाभांश नेमाने येणारा, एवढे पाहून भागधारक निर्धास्त होतो. या निर्धास्तपणाची परीक्षा अमेरिकेतील संगणकांच्या धंद्यात फार कठोरपणे झाली.

१९६० नंतरच्या दशकात या धंद्यावर आयबीएमचे साम्राज्य होते. तिच्या सात प्रतिस्पर्धी कंपन्यांना लोक थट्टेने ‘सात बुटके’ म्हणत. एप्रिल १९६४ मध्ये आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली. तीतील एका यंत्रासाठी लिहिलेले काम पुढे मोठ्या यंत्रावरही चालत असे; त्यामुळे एकदा आलेला ग्राहक सहसा दुसरीकडे जात नसे. जनरल इलेक्ट्रिकने १९७० मध्ये आणि आरसीएने १९७१ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतले. पैसा आणि लौकिक त्यांच्यापाशीही होता. ग्राहकाला धरून ठेवील असे साधन नव्हते.

पुढे १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने टेबलावर मावणारा वैयक्तिक संगणक आणला. मात्र त्याचा प्रोसेसर इंटेलचा होता आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. ती कार्यप्रणाली इतरांना विकण्यास मायक्रोसॉफ्ट मोकळी होती. आयबीएमचे खास स्वतःचे उरले ते मुख्यतः यंत्राला जागे करणारा ‘बायॉस’ हा लहानसा आज्ञासंच. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्पॅकने तशाच गुणाचा आज्ञासंच कायदा सांभाळून नव्याने लिहून घेतला आणि १९८३ या विक्रीच्या पहिल्याच वर्षी ११ कोटी डॉलरांहून अधिक माल खपविला. १९८६ मध्ये तर इंटेलचा नवा ३८६ प्रोसेसर बसविलेला संगणक तिने आयबीएमच्या आधी बाजारात आणला.

आयबीएमच्या शेअरचा भाव १९८७ मध्ये पावणेदोनशे डॉलरांच्या घरात गेला होता. १९९३ मध्ये तो पन्नासाच्याही खाली आला. वैयक्तिक संगणकांत नफा उरला नव्हता आणि मोठ्या यंत्रांचे उत्पन्नही आटत होते. त्या एका वर्षात सुमारे ८ अब्ज डॉलर तोटा झाला आणि लाभांश दोनदा कापला गेला. लाभांशाच्या भरवशावर उतारवय काढणाऱ्यांना त्याची झळ किती बसली असेल, हे सांगावयास नको.

मग कॉम्पॅकचे शेअर राखणे शहाणपणाचे होते काय? काही काळ होते. परंतु जे कॉम्पॅकला साधले, ते डेलसारख्यांना आणखी स्वस्तात साधले. २००२ मध्ये कॉम्पॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. यंत्रे जोडणारे आपसांत झगडत राहिले. नफा मात्र ज्यांच्यावाचून कोणाचेच चालत नव्हते, त्या इंटेल आणि मायक्रोसॉफ्टकडे साठला. आयबीएमने सेवा व प्रणालींकडे मोर्चा वळवून स्वतःला सावरले आणि २००५ मध्ये वैयक्तिक संगणकांचा धंदा लेनोव्होला विकून टाकला. १९९३ मध्ये घाबरून शेअर विकणारे त्या भरभराटीला मुकले.

तात्पर्य, केवळ नावावर विसंबून शेअर राखू नयेत, तसेच केवळ भाव पडला म्हणून ते टाकूही नयेत. ही कंपनी जे विकते, तेच दुसरा कोणी उद्या कमी दरात देऊ शकेल काय, हा प्रश्न भागधारकाने स्वतःला विचारावा. आणि तो दरवर्षी नव्याने विचारावा, कारण त्याचे उत्तर बदलत असते.