इनामगावची घरे आणि आमची घरे

सांगवीजवळ पवना मुळेला मिळते आणि ते पाणी पुढे भीमेला जाते. शिरूर तालुक्यातील घोड नदीही अखेर भीमेलाच मिळते. त्या नदीकाठच्या इनामगावशी आम्हा सांगवीकरांचे नाते ते काय, असे कोणी विचारील. परंतु पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तूंसमोर उभे राहिलो, तेव्हा आम्हाला आपल्याच गावाची आठवण झाली.

डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ते १९८३ या काळात इनामगावचे उत्खनन केले. तेथे राजवाडा मिळाला नाही, शिलालेख मिळाला नाही. मिळाले ते इ. स. पूर्व १६०० ते ७०० या सुमारे नऊशे वर्षांतील एक शेतकऱ्यांचे खेडे. कुडामातीच्या भिंतींची शंभराहून अधिक घरे, चुली, धान्याची पेवे, कुंभाराची भट्टी, दगडी पाती, मणी, रंगवलेली मडकी. हे लोक जव पिकवीत, गुरे पाळीत. पुराचे पाणी शेताकडे वळविण्यासाठी त्यांनी पाट खोदला होता. एक घर पाच खोल्यांचे होते आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असे संशोधकांनी अनुमान केले.

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, पशुपालन वाढले आणि अखेर गाव ओस पडले. दुष्काळाने घर मोडते, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांनाही काही नवी नव्हती.

सर्वांत अधिक मनाला भिडतात ती तेथील दफने. मूल दगावले की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत त्याचा देह ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. त्या माउलीची प्रार्थना आम्हाला ठाऊक नाही. पण लेकराला घराबाहेर न धाडणारी तिची माया समजायला भाषा लागत नाही. पुनरुत्थानाच्या आशेने आपल्या मृतांना मातीच्या स्वाधीन करणाऱ्या आम्हाला तरी ती परकी वाटू नये.

एवढे सारे कळले ते कशामुळे? वस्तू सुंदर होत्या म्हणून नव्हे. कोणते खापर कोणत्या थरात, कोणत्या घरात, कशाशेजारी मिळाले याची नोंद ठेवली गेली म्हणून. नोंद नसती तर त्या खापराला खापरापलीकडे किंमत उरली नसती.

आता आपल्याकडे पाहू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखाने वाढले आणि १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. सांगवीच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. पोटापाण्यासाठी नगर जिल्ह्यातून, वसईहून, गोव्याहून, केरळातून आलेली आपली कुटुंबे या परिसरात स्थिरावली. येताना कोणी जाते आणले, कोणी आजीची जपमाळ, कोणी लग्नाचा एखादा फोटो. घर बदलताना यांतील किती वस्तू भंगारात गेल्या, याचा हिशेब आपल्यापैकी कोणी ठेवला आहे?

म्हणून आमची एक विनंती आहे. धर्मग्रामाच्या सणाला सभागृहात दोन टेबले मांडावीत आणि प्रत्येक घराने एकच वस्तू आणावी. सोबत एक चिठ्ठी असावी: वस्तू कोणाची, कोणत्या गावची, केव्हा आणि कशासाठी वापरीत. ती चिठ्ठी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मुलांनी लिहावी. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आपले नाव राहील. पण आजी जात्यावर कोणत्या गावचे धान्य दळीत होती, हे त्या वहीत नसते.

इनामगावकरांना लिहिता येत नव्हते. आपल्याला येते.