पावाचा तुकडा आणि सोबत्यांची नजर

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिच्या प्रवर्तकांपैकी एक होते आणि इंग्रजी शिकणारी तरुण मुले तिच्याकडे ओढली जात होती. जातिभेद मोडायचा ही तिची प्रतिज्ञा. पण नुसत्या शब्दावर सभेचे समाधान होत नसे. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव मंडळींच्या देखत खावा लागे. सभेचे कामकाज मात्र जातीच्या रोषाच्या भीतीने गुप्त चाले. ही भीती पोकळ नव्हती. १८४३ मध्ये मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या श्रीपती शेषाद्री या अल्पवयीन मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, एवढे म्हटले म्हणून बाळशास्त्री जांभेकरांवरही सनातन्यांचा रोष ओढवला होता. घराबाहेर जातीचा धाक आणि बंद दाराआड सोबत्यांची नजर, अशा दोन दाबांमध्ये ही मुले उभी होती.

कोणी म्हणेल, ही मुले विचार पटल्यामुळे आली. यात सोबत्यांचा दाब कसला? विचार पटला होता हे खरेच. पण पटणे आणि करणे यांमधले अंतर सभेच्या चालकांनीच ओळखले होते, म्हणून तर साक्षीदारांसमोरचा तो घास. ज्या मंडळीत आपल्याला मान हवा, तिच्यादेखत माघार घेणे कोवळ्या वयात फार जड जाते. मात्र त्या धीराची हद्द खोलीच्या भिंतींपाशीच संपत होती. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली, सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. मोठ्या समाजाचा दाब समोर येताच छोट्या मंडळीचे बळ अपुरे पडले.

मग तो घास वाया गेला का? तसे म्हणता येत नाही. १८६७ मध्ये प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला, तो दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने, आणि परमहंस सभेतली काही माणसे त्यात आली. जात मोडण्याची सक्ती मात्र त्याने केली नाही. रामकृष्ण भांडारकर १८५३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, परमहंस सभेत शिरले होते; १८९१ मध्ये त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला. सोबत्यांच्या आधाराने पहिले पाऊल पडते, हे सभेने दाखवले. ते पाऊल उघड्यावर टिकवायला लागणारे बळ मात्र ज्याचे त्यालाच, वर्षानुवर्षे कमवावे लागते.