कारखाना गेला, फ्रेम राहिली: स्टीलच्या सायकलची गोष्ट

लोकलमध्ये उभ्या उभ्या हे ऐकत असाल तर आधी एक हात हँडलवर ठेवा, मग कान माझ्याकडे द्या. आणि जे ऐकण्याऐवजी वाचताय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे एपिसोडचं हे लिखित रूप.

आजची गोष्ट सुरू होते आमच्या घरातून, म्हणजे कोपरमधून. तेच कोपर, जिथे खाली मध्य रेल्वेच्या लोकल धावतात आणि वरून दिवा–वसई लाइन जाते. आमची बिल्डिंग आता रिडेव्हलपमेंटला चाललीय. त्यामुळे घरोघरी एकच उद्योग सुरू आहे: माळ्यावरचं खाली काढायचं, आणि काय ठेवायचं, काय द्यायचं यावरून भांडायचं. आमच्याकडे जिन्याखाली आजोबांची काळी सायकल होती. चाकांचा पत्ता नाही, सीट फाटलेली, पुढच्या नळीवरचा ‘हिंद’चा बिल्ला अर्धा घासलेला. भंगारवाला आला, त्याने एका हाताने उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि किलोचा भाव सांगितला. बाबा म्हणाले, “देऊन टाक. नवीन घरात कुठे ठेवणार?”

मी म्हटलं, दोन दिवस थांबा.

का थांबा म्हटलं, ते सांगतो. मागच्या वर्षी माझी अ‍ॅल्युमिनियमची सायकल गेली. कल्याण–मुरबाड रस्त्याने माळशेजच्या दिशेने निघालो होतो. पेडलजवळून कटकट आवाज यायला लागला. खाली वाकून बघतो तर नळीच्या जोडापाशी केसाएवढी बारीक चीर. डोंबिवलीतल्या एका वेल्डरकाकांकडे नेली. त्यांनी चष्मा वर केला, बोट फिरवलं आणि म्हणाले, “टाका मारून देईन, पण गॅरंटी नाही देणार. उतारावर सुटली तर तुझे आईबाप मला विचारतील.” दुकानात विचारलं तर उत्तर होतं, फ्रेम बदला. बॅटरी बदलता न येणारा फोन हातात असल्यासारखं वाटलं. वस्तू नव्वद टक्के धडधाकट, पण हिशेबात मेलेली.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम सगळीकडे मिळत असताना काही सायकलवाले अजूनही स्टीलच का धरून बसलेत? नुसता नॉस्टॅल्जिया आहे, की त्यामागे काही कारण आहे?

चला, थोडं मागे जाऊ. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल आणली. दोन जवळपास सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलवरून माणूस तोंडावर पडायचा, हिच्यावरून पडला तरी वाचायचा. पुढच्या काही वर्षांत फ्रेमचा आकार ठरला: दोन त्रिकोण, शेजारी शेजारी. तुमच्या लहानपणीच्या सायकलपासून आजच्या रेसिंग बाइकपर्यंत मूळ आकार तोच आहे. आणि हा त्रिकोण बनायचा स्टीलच्या पोकळ नळ्यांचा.

१८९७ मध्ये बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी एक हुशारी पेटंट केली. नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ ठेवायची, पण बाहेरून व्यास एकच. कारण सोपं आहे. ताण जोडांपाशी जास्त येतो आणि जोडताना तिथेच आच लागते. तिथे धातू हवा, मधल्या भागात नको. चांगल्या स्टील फ्रेमची नळी टोकाला ०.८ मिलिमीटर आणि मध्ये ०.५ मिलिमीटर असू शकते. अर्धा मिलिमीटर! त्यावर तुम्ही बसता. १९३५ मध्ये त्याच कंपनीची ‘५३१’ नावाची मँगनीज–मॉलिब्डेनम मिश्र पोलादाची नळी आली आणि पुढची कित्येक दशकं रेसिंगमध्ये तिचा दबदबा राहिला.

आता बर्मिंगहॅमवरून आपल्या मुंबईत येऊ. १५ ऑक्टोबर १९२३. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. तेव्हा ना जीपीएस, ना गिअर, ना बहुतेक ठिकाणी डांबरी रस्ता. इराण, इराक, सीरियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असं करत त्यांतले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, मार्च १९२८ मध्ये मुंबईत परतले. साडेचार वर्षं आणि सुमारे ७१,००० किलोमीटर.

त्या काळात सायकल म्हणजे स्टीलच, त्यामुळे त्यांनी स्टील ‘निवडलं’ असं म्हणता येणार नाही. पण विचार करा. इराणमधल्या एखाद्या गावात फ्रेमचा जोड सुटला असता तर? सायकलचं दुकान नसेल, पण घोड्याला नाल ठोकणारा असेल. भट्टी असेल, हातोडा असेल. स्टीलची भाषा त्याला कळत होती. जगात सगळीकडे दुरुस्त होऊ शकेल असा धातू, हाच तर दूरच्या प्रवाशाचा खरा विमा. आजही सहा-सहा महिने सायकलवर फिरणारे लोक स्टीलची फ्रेम घेतात, त्यामागे मोठं कारण हेच आहे.

तेव्हा आपल्याकडे बहुतेक सायकली इंग्लंडहून यायच्या: रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर. मग देशी कारखाने उभे राहिले. मुंबईत वरळीला ‘हिंद सायकल्स’. बंगालमध्ये आसनसोलजवळ ‘सेन-रॅले’. १९४९ मध्ये मद्रासला ‘टीआय सायकल्स’. १९५१ मध्ये सोनीपतला ‘अ‍ॅटलस’. १९५६ मध्ये लुधियानाला ‘हिरो सायकल्स’. म्हणजे आज जिथे काचेचे टॉवर दिसतात, त्या वरळीत एके काळी सायकली बनायच्या. माझे आजोबा वरळीच्याच एका गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, चाळीतली खोली सुटली आणि कुटुंब कोपरला आलं. सोबत ती काळी हिंद सायकल आली.

पुढे हिंद सायकल्स आणि सेन-रॅले दोन्ही आजारी पडल्या. १९८० मध्ये संसदेने खास कायदा करून दोघींचं राष्ट्रीयीकरण केलं. हिंद सायकल्सचं नाव बदलून ‘नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ झालं. तरी ती टिकली नाही. खासगीतही सगळं आलबेल होतं असं नाही. ‘अ‍ॅटलस’च्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम ३ जून २०२० रोजी, नेमकं जागतिक सायकल दिनालाच थांबलं.

पण गंमत बघा. कारखाने बंद पडले, सायकली चालू राहिल्या. पहाटे साडेपाचला कोपर रोडला उभे राहा. पाववाला येईल, मागे भलंमोठं टोपलं. इडलीवाला अण्णा येईल, भोंपू वाजवत, कॅरियरवर पातेली. धार लावणारे काका सायकल स्टँडवर घेऊन त्याच पेडलवर दगड फिरवतील. या सायकलींचं वजन साधारण २० किलोच्या आसपास आणि त्यावर रोज लादलेला माल त्याहून कितीतरी जास्त. कंपनी राहिली नाही तरी सायकल राहते, कारण ती कंपनीवर अवलंबून नसतेच. ती अवलंबून असते नाक्यावरच्या मिस्त्रीवर, जो पंक्चर काढतो, चाकाचा आउट काढतो आणि फ्रेम तुटली तर गॅसवाल्याकडून पितळेने जोडून आणतो.

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, दोन मिनिटांचं आहे.

स्टील अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सुमारे तिप्पट जड आहे. पण ते सुमारे तिप्पट ताठही आहे. त्यामुळे नुसता धातू बदलून फ्रेम आपोआप भारी होत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जाडजूड करून त्यातून ताठपणा मिळवतात आणि वजन वाचवतात. म्हणून ती सायकल गलेलठ्ठ दिसते आणि स्टीलची सडपातळ.

खरा फरक आहे थकव्याचा. हो, धातूही थकतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसंच. स्टीलला एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेच्या खाली राहिला तर लाखो वेळा ये-जा करूनही ते सहसा तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. छोटा ताणसुद्धा कुठेतरी जमा होत राहतो. म्हणून चांगला इंजिनिअर अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम मुद्दाम जास्त मजबूत बनवतो, आणि अशा फ्रेम वर्षानुवर्षं चालतातही. म्हणजे अ‍ॅल्युमिनियम वाईट, असा निष्कर्ष काढू नका.

आणि वेल्डरकाका गॅरंटी का देत नव्हते? अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची ताकद तिला दिलेल्या उष्णता-प्रक्रियेत असते. टाका मारला की त्याच्या आजूबाजूची ती प्रक्रिया पुसली जाते. पुन्हा ताकद आणायची तर अख्खी फ्रेम भट्टीत तापवून, थंड करून, परत मुरवावी लागते. ते नाक्यावर होत नाही. काका प्रामाणिक होते, एवढंच. कार्बनची अडचण आणखी वेगळी: आत मार बसला तरी वरून रंग शाबूत दिसू शकतो. स्टील बहुतेक वेळा आधी वाकतं, कुरकुरतं, सूचना देतं.

आता एक गैरसमज दूर करू. स्टीलप्रेमी म्हणतात, “स्टीलचा राइड-फील वेगळा, धक्के खाऊन टाकतं.” हे ऐकायला छान वाटतं. पण फ्रेमचा त्रिकोण वरून येणाऱ्या धक्क्यात फारच कमी लवतो. खड्ड्यातला आराम मुख्यतः टायरची रुंदी आणि हवा यांवर ठरतो. स्टीलच्या अनेक सायकलींमध्ये रुंद टायर बसायला जागा असते, आणि श्रेय मात्र फ्रेम घेऊन जाते! दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे राइड करणाऱ्यांना स्टील आवडतं त्यातही हे एक कारण आहे: रुंद टायर, मडगार्ड, कॅरियर, सगळ्याला जागा.

आणि स्टील म्हणजे संथ, हाही गैरसमजच. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत एडी मर्क्स याने एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले. फ्रेम स्टीलची, अख्ख्या सायकलचं वजन पावणेसहा किलो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ‘टूर द फ्रान्स’ स्टीलवर जिंकली जात होती. नंतर मात्र रेसिंग पुढे निघून गेलं आणि ते योग्यच होतं. चांगली स्टील फ्रेम दोन किलोच्या आसपास, कार्बनची एक किलो किंवा कमी. रेसमध्ये, घाटात, तो एक किलो निर्णायक ठरतो. माझ्यासारख्याच्या बाबतीत तो एक किलो म्हणजे पाण्याची एक भरलेली बाटली, आणि पोटावर त्याहून जास्त आहे.

स्टीलचा खरा शत्रू आपल्या दारातच आहे: गंज. कोपर खाडीच्या काठावर, चार महिने पाऊस, बाकी आठ महिने दमट हवा. बाहेरचा गंज दिसतो, पण नळीच्या आत साचलेलं पाणी दिसत नाही. म्हणून सायकल उभी धुतलीत तर सीटची दांडी काढून, उलटी करून पाणी निथळू द्या आणि आत थोडं तेल सोडा. आळस केलात तर स्टील शंभर वर्षं नाही, दहा वर्षंही टिकणार नाही.

मग आजोबांच्या सायकलचं काय झालं?

भंगारवाल्याला द्यायच्या आदल्या दिवशी तिला घेऊन त्याच वेल्डरकाकांकडे गेलो. त्यांनी फ्रेम उलटी केली, पाना घेऊन नळ्यांवर टकटक करत कान लावला. एका ठिकाणी आवाज बसका आला. पेडलच्या वरच्या नळीत गंजाने भोक पडत आलं होतं. मी म्हटलं, संपली का? ते म्हणाले, “संपली कशाने? एवढा तुकडा कापायचा, दुसरी नळी घालायची, पितळ सोडायचं. माझे वडील हेच करायचे.” मग थोडं थांबून म्हणाले, “माझा मुलगा नाही करत. त्याला ग्रिलची कामं परवडतात.”

तेव्हा मला कळलं की आपण इतका वेळ धातूबद्दल बोलत होतो, पण अर्धी ताकद धातूच्या बाहेर आहे. दुरुस्त होणारी वस्तू तेव्हाच दुरुस्त होणारी, जेव्हा दुरुस्त करणारा शिल्लक असतो. वरळीचा कारखाना गेला तरी हिंद सायकल टिकली, कारण गल्लोगल्ली मिस्त्री होते. काकांनंतर मिस्त्री उरला नाही, तर स्टीलची फ्रेमसुद्धा माझ्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमसारखीच: धडधाकट, पण हिशेबात मेलेली.

फ्रेम आता काकांकडे आहे. बाबांनी विचारलं, खर्च किती? मी सांगितला. भंगाराच्या भावाच्या कितीतरी पट. बाबा गप्प बसले. रात्री जेवताना म्हणाले, “तिच्या दांडीवर बसून मी शाळेत गेलोय. हाफ पेडल पण हिच्यावरच शिकलो.” नवीन घरात ती कुठे ठेवणार, हे अजून ठरलेलं नाही.

तुमच्या जिन्याखाली, गॅलरीत, गावच्या पडवीत अशी एखादी फ्रेम पडली असेल तर भंगारात देण्याआधी एकदा उलटी करा, नळ्यांवर टकटक करा. आणि जवळ एखादा पितळेचं काम करणारा उरला असेल, तर त्याला काहीतरी काम द्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, स्टेशन आलं असेल तर उतरा आता!