फॉर्ममधले प्रश्न कोणी लिहिले?

अमेरिकन नागरिकाच्या बायकोला किंवा नवऱ्याला कायमचं तिकडे राहायला जायचं असेल तर डीएस-२६० नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. घरात एक इंजिनिअर असला की प्रिंटरपासून व्हिसापर्यंत सगळं त्याच्या गळ्यात पडतं, तसा ताईचा फॉर्म माझ्या गळ्यात पडला. नाव, गाव, शिक्षण, वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते, इथपर्यंत ठीक होतं. मग सुरक्षेची पानं सुरू झाली. तुम्ही बहुपत्नीत्व आचरण्यासाठी येत आहात का? वेश्याव्यवसायासाठी? वंशहत्येत तुमचा सहभाग होता का? बालसैनिक भरती केलेत का? कोणाची बळजबरीने नसबंदी करवलीत का? ताई शाळेत गणित शिकवते. तिने प्रत्येक प्रश्नाला 'नाही' टिचकवलं आणि शेवटी विचारलं, "हे लिहिलं कोणी रे?"

प्रश्न रास्त होता. पुढचे दोन वीकएंड मी त्यातच घालवले.

आमच्या धंद्यात पंधरा-वीस वर्षं जुना कोड हाती आला की त्यात अशाच ओळी सापडतात. एखादी विचित्र अट असते, ती का आहे हे कोणालाच माहीत नसतं, आणि काढायची हिंमतही कोणी करत नाही. व्हर्जन कंट्रोलमध्ये शोधलं की कळतं, अमुक साली तमुक घोळ झाला होता, तेव्हा कोणीतरी रातोरात घातलीय. हा फॉर्म अगदी तसाच आहे, फक्त ह्याचा सगळ्यात जुना थर दीडशे वर्षांपूर्वीचा आहे.

तो थर म्हणजे वेश्याव्यवसायाचा प्रश्न. १८७५ साली अमेरिकेत पेज कायदा आला. कैदी, बळजबरीने आणलेले मजूर आणि वेश्याव्यवसायासाठी आणलेल्या बायका ह्यांना त्याने बंदी घातली. कायद्यात पौर्वात्य देशांचं नाव होतं, पण खरा रोख चिनी बायकांवर होता. बाई स्वखुशीने निघाली आहे की नाही, हे तिकडच्या बंदरातल्या अमेरिकन कॉन्सुलने जहाज सुटायच्या आधी तपासायचं. त्यामुळे हाँगकाँगमध्ये बायकांना चौकशीला उभं केलं जाऊ लागलं. अंमल इतका कडक होता की कॅलिफोर्नियातल्या चिनी मजुरांच्या लग्नाच्या बायकाही यायच्या थांबल्या. बायको घरून निघण्याआधीच कॉन्सुलसमोर आपण कोण ते सिद्ध करते, ही पद्धत पाहायची तर तिचं मूळ इथे आहे. आणि तेव्हा तिचा हेतू कुटुंबं एकत्र आणण्याचा नव्हता, उलटाच होता.

बहुपत्नीत्वाचा प्रश्न आपल्याला वाटतो मुसलमानांसाठी किंवा आपल्याकडच्या संस्थानिकांसाठी असेल. नाही! तो आला युटाहमधल्या मॉर्मन पंथाच्या वादातून. ह्या प्रश्नाचं क्रियापद कसं बदलत गेलं ते पाहा. १८९१ च्या कायद्यात बहुपत्नीक असणाऱ्याला बंदी होती. १९०७ मध्ये त्या प्रथेवर नुसता विश्वास असणाऱ्यालाही बंदी आली. १९९० मध्ये पुन्हा आखडून फक्त 'आचरण्यासाठी येणाऱ्याला' झाली. म्हणजे आधी कृती, मग विचार, मग हेतू. एका ओळीत नव्याण्णव वर्षांचा बदल.

पण मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते 'सरकारवर बोजा' ह्या प्रश्नाने. तुम्ही तिकडे गेल्यावर सरकारी मदतीवर जगणार का? १८८२ च्या कायद्यात स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्याला बंदी होती आणि माणशी ५० सेंट कर होता. १८९१ मध्ये शब्द आला 'बोजा होण्याची शक्यता'. ही 'शक्यता' म्हणजे अधिकाऱ्याच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार. ती सिद्ध करावी लागत नाही, नुसती वाटली तरी पुरते. १८९३ पासून जहाज कंपन्यांना प्रत्येक उतारूचे प्रश्न लिहून आणावे लागायचे. तिकीट कोणी काढलं, जवळ ३० डॉलर आहेत का, कमी असतील तर किती, कोणत्या नातेवाइकाकडे चाललात, कधी तुरुंगात होतात का. एलिस आयलंडवर एकट्या बाईला सहसा सोडतच नसत. नवरा, बाप, भाऊ, कोणीतरी न्यायला आल्यावरच ती बाहेर पडायची. लग्न ठरलेल्या मुलींना कधीकधी तिथल्या तिथे लग्न लावून मगच सोडलं जायचं. १९३० मध्ये मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष हूव्हर ह्यांनी नवा कायदा वगैरे काही केला नाही. कॉन्सुलना फक्त सांगितलं की हीच जुनी ओळ कडक वापरा. काही महिन्यांत व्हिसांची संख्या धाडकन खाली आली. कोड तोच, फक्त कॉन्फिगरेशन बदललं.

आज ह्या प्रश्नामागे आय-८६४ नावाचा दुसरा फॉर्म उभा आहे. १९९६ च्या कायद्यानंतर ह्यावर सही करणारा नवरा (किंवा बायको) सरकारला कायदेशीर हमी देतो की जोडीदाराला दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के पातळीवर मी सांभाळीन. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा सुमारे दहा वर्षांची कामाची नोंद होईपर्यंत ती हमी टिकते. गंमत म्हणजे घटस्फोटाने ती संपत नाही. लग्न संपेल, फॉर्म संपत नाही! हे मी मेहुण्यांना फोनवर सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता होती.

राजकीय प्रश्नांची जन्मतारीख तर दिवसासकट सांगता येते. ६ सप्टेंबर १९०१ ला बफलो शहरात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आठ दिवसांनी ते गेले. मारणारा लिऑन चोल्गोश अराजकवादी होता. मग १९०३ मध्ये अराजकवाद्यांना प्रवेशबंदी झाली. आता चोल्गोश जन्माने मिशिगनचा, म्हणजे ही बंदी आधीपासून असती तरी तो अडला नसता. असो. त्याच फांदीवर पुढे कम्युनिस्ट पक्षाचा प्रश्न फुटला आणि १९५२ च्या कायद्यात पक्का झाला. केरळ-बंगालमधल्या किती अर्जदारांची इथे गाळण उडत असेल!

तुम्ही म्हणाल, कोणता अतिरेकी इथे 'हो' लिहिणार? मलाही हेच वाटत होतं. पण हा प्रश्न 'हो' मिळवण्यासाठी नसतोच. तो खोट्या 'नाही'खाली सही घेण्यासाठी असतो. फिओदोर फेदोरेंको नावाचा माणूस ट्रेब्लिंकाच्या नाझी छळछावणीत पहारेकरी होता. १९४९ मध्ये व्हिसासाठी अर्ज करताना त्याने युद्धकाळात आपण शेतकरी होतो असं सांगितलं. १९७० मध्ये तो अमेरिकेचा नागरिकही झाला. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या देशात केलेला गुन्हा अमेरिकन कोर्टात चालवणं अवघड होतं, पण अर्जातलं खोटं त्यांच्या फायलीत होतं. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच आधारावर नागरिकत्व काढून घेण्यावर शिक्कामोर्तब केलं, १९८४ मध्ये त्याला सोव्हिएत संघात पाठवलं आणि तिथे १९८७ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. ती केस वाचल्यापासून मला ते हास्यास्पद प्रश्न तेवढे हास्यास्पद वाटत नाहीत.

'तुम्ही एखाद्या टोळीचे किंवा कुळाचे आहात का?' हा मात्र अगदी ताजा आहे. आमच्याकडे ह्यावर तासभर चर्चा. आई म्हणाली गोत्र लिही, बाबा म्हणाले जात विचारताहेत, दाखला जोडा. ह्याचा माग काढला तर तो डीएस-१५७ नावाच्या पुरवणी फॉर्मपर्यंत जातो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तो आला, आणि तात्पुरत्या व्हिसासाठी येणाऱ्या १६ ते ४५ वयाच्या पुरुषांना भरावा लागायचा. टोळी, बंदुका-स्फोटकांचं कौशल्य, सैन्यातली नोकरी, सगळं त्यात होतं. नंतर फॉर्म ऑनलाइन झाले आणि तसेच प्रश्न सगळ्यांच्याच वाट्याला आले. कॉपी-पेस्ट, दुसरं काय. आता गणिताच्या बाईंनाही स्फोटकांचं प्रशिक्षण आहे का ते सांगावं लागतं. २०१९ मध्ये त्यावर सोशल मीडियाचा थर चढला, पाच वर्षांतली सगळी खाती द्या.

काही ओळी पुसल्याही गेल्या आहेत. १९१७ ची वाचता येण्याची अट गेली. (ती असतानाही बायकोला सूट होती, निरक्षर चालायची.) समलैंगिकांवरची बंदी १९९० मध्ये गेली, एचआयव्हीची १९८७ ची बंदी २०१० मध्ये उठली. १९५२ च्या कायद्यात नागरिकाच्या 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' आला, तेव्हा कुठे अमेरिकन बाईला नवरा आणायचा तोच हक्क मिळाला.

आता नावाचा रकाना, जो वरकरणी सगळ्यात सोपा. 'पूर्वी वापरलेली इतर नावं: माहेरचं, धार्मिक, व्यावसायिक, उर्फ.' उर्फ म्हटलं की आपल्याला पेपरातले गुंडच आठवतात. पण आपल्या बायकांइतकी उर्फ नावं कोणाला असतील? माहेरचं नाव-वडिलांचं नाव-आडनाव, सासरचं नाव-नवऱ्याचं नाव-आडनाव, आणि कित्येक घरांत ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं पाळण्यातलंच जणू नाव. डिग्रीवर एक, पासपोर्टवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर १९१० ते १९४० ह्या काळात चिनी माणसांना हाच प्रश्न विचारायचे, कारण त्यांच्यात पुरुषाला लग्नात नवं नाव मिळायचं. नवऱ्याला एकीकडे, बायकोला दुसरीकडे बसवून विचारायचे: लग्नातलं नाव काय, घराला पायऱ्या किती, शेजारी कोण, विहीर कुठे. उत्तर जुळलं नाही की परत जहाजावर. म्हणून ताईची तिन्ही नावं आम्ही जशी कागदावर आहेत तशी, स्पेलिंगसकट लिहिली.

आपल्या लोकांचे त्या काळातले असे लांबलचक जबाब फारसे दिसत नाहीत, त्याचं कारण साधं आहे. १९१७ च्या कायद्याने आशियाचा एक मोठा पट्टाच बंद केला आणि त्यात हिंदुस्थान होता. व्यापारी, विद्यार्थी वगैरेंना सूट होती, शेतमजुरांना नव्हती. कॅलिफोर्नियात आधीच पोचलेल्या पंजाबी शेतकऱ्यांच्या बायका गावीच राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांनी इम्पीरियल व्हॅलीत मेक्सिकन वंशाच्या बायकांशी दुसरे संसार थाटले. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं आणि भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जागा आल्या. कोणत्याही रकान्यात काहीही लिहिण्याची वेळ त्या गावाकडच्या बायकांवर तोवर आलीच नव्हती.