'नष्टनीड' ते 'चारुलता' : एका मतभेदाचा इतिहास

कादंबरी वाचून किंवा चित्रपट पाहून झाल्यावर आपले मत बोलून दाखवणे ही सामान्य रसिकाची सहजप्रवृत्ती होय. विद्यापीठीय समीक्षेने मात्र अशा मतांना 'आस्वादक' असे नाव देऊन त्यांची बोळवण केली. साहित्यकृतीचा चित्रपट झाला की 'मूळ कादंबरीची सर नाही' हा अभिप्राय ठरलेला असतो आणि त्यापुढे चर्चा सहसा जात नाही. ती पुढे गेली तर काय होऊ शकते, याचे बोलके उदाहरण कोलकात्याच्या वाङ्मयीन इतिहासात सापडते.

बंगालमध्ये साहित्य आणि चित्रपट यांचे नाते प्रारंभापासून निकटचे राहिले. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची 'देवदास' ही कादंबरी 1917 साली प्रसिद्ध झाली. 1928 मध्ये तिच्यावर मूकपट निघाला आणि 1935 मध्ये न्यू थिएटर्सने प्रमथेश बरुआ यांच्या दिग्दर्शनाखाली तिचा बोलपट केला. बंगाली आवृत्तीत स्वतः बरुआ, तर हिंदीत कुंदनलाल सैगल देवदास झाले. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून शरच्चंद्रांना आपलेसे करणाऱ्या मराठी वाचकालाही पडद्यावरच्या या देवदासाने मोहिनी घातली. या जवळिकीतला धोका रवींद्रनाथांनी वेळीच ओळखला होता. 1929 साली मुरारी भादुडी यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी चित्रपट अजून साहित्याच्या आश्रयाने जगत असल्याची खंत व्यक्त केली होती. या कलेला स्वतःची भाषा सापडली पाहिजे, हा त्या पत्राचा आशय होय.

ही भाषा समजणारा प्रेक्षक घडवण्याचे काम पुढे फिल्म सोसायट्यांनी केले. 1947 मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलकटा फिल्म सोसायटी स्थापन केली. 1959 मध्ये देशभरातील अशा संस्थांचा महासंघ उभा राहिला. राय त्याचे अध्यक्ष झाले आणि त्याच्या उभारणीत विजया मुळे यांच्यासारख्या मराठी कार्यकर्तीचा मोठा वाटा होता. चित्रपट पाहावा, त्यावर वाद घालावा आणि तो वाद लिहून काढावा, अशी शिस्त या चळवळीने लावली.

या पार्श्वभूमीवर 1964 साली रायांचा 'चारुलता' प्रदर्शित झाला. तो रवींद्रनाथांच्या 1901 मधील 'नष्टनीड' या दीर्घकथेवर आधारलेला होता. बंगाली वाचकाच्या मनात या कथेचे स्थान फार वरचे. अर्थशास्त्रज्ञ आणि साक्षेपी रसिक अशोक रुद्र यांनी दिग्दर्शकाने मूळ कथेत केलेल्या बदलांवर आक्षेप घेतला. रायांनी त्याला 'चारुलता प्रसंगे' हा सविस्तर लेख लिहून उत्तर दिले. पुढे तो 'विषय चलच्चित्र' या त्यांच्या संग्रहात समाविष्ट झाला. त्यात त्यांनी प्रत्येक बदलामागील कारण उलगडून दाखवले. साहित्यिकाला एका वाक्यात महिने उलटवता येतात. दिग्दर्शकाला मात्र प्रत्येक क्षण दृश्यात उभा करावा लागतो, ही त्यांच्या प्रतिपादनाची दिशा होती. चित्रपटाचा आरंभच पाहा. दुपारच्या शांततेत चारू नाटकाच्या दुर्बिणीतून खिडकीबाहेरचा रस्ता न्याहाळते. मग तीच दुर्बीण ती शेजारून आपल्याकडे न पाहता निघून जाणाऱ्या नवऱ्यावर रोखते. तिचे एकाकीपण सांगण्यासाठी संवादाची गरजच उरत नाही.

तथापि रुद्रांचा आक्षेप निरर्थक होता, असे मला वाटत नाही. कथेत अमल विवाह करून विलायतेस जातो आणि त्यानंतर बराच काळ लोटतो. चारू नवऱ्याच्या नकळत अमलला तार पाठवते आणि त्या तारेच्या उत्तरातून भूपतीला सत्य कळते. चित्रपटात अमलचे पत्र आल्यावर ती हुंदके देत असताना भूपती तिला पाहतो. रायांच्या रचनेत काळ आटोपशीर होतो आणि भूपतीचा आघात प्रत्यक्ष डोळ्यांना दिसतो. पण तार पाठवणाऱ्या चारूच्या ठायी जे मूक धाडस आहे, ते हुंदके देणाऱ्या चारूजवळ उरत नाही. शेवटाचेही तसेच. कथेतील चारू सोबत येण्याचे भूपतीचे उशिरा आलेले निमंत्रण एका शब्दात नाकारते. चित्रपटात दोघांचे हात एकमेकांपर्यंत पोचण्याआधीच चित्र गोठते. पहिल्या शेवटात निर्णय आहे, दुसऱ्यात अनिश्चितता. दोन्ही श्रेष्ठ आहेत. परंतु ते एकाच अनुभवाचे दोन पर्याय नव्हेत. चित्रपट आवडूनही कथेतील चारू मला अधिक जवळची वाटते, हे माझे मत रुद्र आणि राय या दोघांचे ऋण मान्य करूनच तयार झाले आहे.

पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, मृणाल सेन यांच्या 'आकाश कुसुम'वरून 'द स्टेट्समन'च्या पत्रस्तंभात राय, सेन आणि कथालेखक आशीष बर्मन यांच्यात वाद जुंपला. तो वाचनीय खरा. पण हळूहळू शाब्दिक कोटिक्रमाला चढला आणि चित्रपट मागे पडला. एक वाद समीक्षेचा ऐवज झाला, दुसरा वाङ्मयीन आठवणींचा. हा फरक मते मांडणाऱ्यांच्या योग्यतेमुळे पडलेला नाही, कारण दोन्हीकडे राय होतेच. पहिल्या वादात प्रत्येक विधान कलाकृतीतील एखाद्या प्रसंगाला बांधलेले होते, म्हणून तो टिकला.

मराठीत साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर आचार्य अत्रे यांनी 1953 साली काढलेला चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकास पात्र ठरला. त्याचे वर्णन आपण बहुधा प्रेक्षकांच्या अश्रूंनीच करत आलो. पुस्तकातील कोणत्या रात्री पडद्यावर आल्या, कोणत्या गळल्या आणि त्यामुळे आईची मूर्ती कशी बदलली, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आजही हाती घेण्याजोगा आहे. अश्रू खरेच असतात; त्यांचे कारण शोधले की मताला समीक्षेची प्रतिष्ठा लाभते.