बीचवर उभी असलेली पाणबुडी: विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ आतून कशी आहे आणि ती भंगारात का गेली नाही?

विशाखापट्टणमला गेलेल्या मित्रमैत्रिणींच्या स्टोरीमध्ये एक फोटो हमखास दिसतो: मागे समुद्र आणि पुढे काळी, लांबलचक पाणबुडी. अनेकांना ते मॉडेल वाटतं. पण ती खरीखुरी पाणबुडी आहे. आयएनएस कुरसुरा तिचं नाव. ३१ वर्षं नौदलात काढून ती आता आर. के. बीचवर उभी आहे आणि तिकीट काढून तुम्हाला तिच्या आतून चालत जाता येतं.

कुरसुरा कुठून आली?

भारतीय नौदलाकडे १९६७ पर्यंत स्वतःची पाणबुडीच नव्हती. ८ डिसेंबर १९६७ ला सोव्हिएत बनावटीची आयएनएस कलवरी दाखल झाली. म्हणूनच ८ डिसेंबर हा आपल्याकडे पाणबुडी दिन असतो. कुरसुरा त्याच वर्गातली. ती १८ डिसेंबर १९६९ ला, त्या वेळी सोव्हिएत संघात असलेल्या रिगा बंदरात नौदलात सामील झाली. १९७१ च्या युद्धात तिने अरबी समुद्रात गस्त घातली. २००१ मध्ये ती निवृत्त झाली.

आत गेल्यावर काय दिसतं?

कुरसुरा सुमारे ९१ मीटर लांब आहे. म्हणजे रेल्वेचे जवळपास चार डबे. या जागेत साधारण ७५ माणसं आठवडेच्या आठवडे राहायची. पर्यटक पुढच्या टोकाने आत शिरतात आणि मागच्या टोकाने बाहेर पडतात. वाटेत सात कप्पे लागतात.

सुरुवातीलाच टॉर्पेडोच्या नळ्या दिसतात. पुढे सहा आणि मागच्या टोकाला चार, अशा एकूण दहा. मग अधिकाऱ्यांच्या छोट्या खोल्या आणि त्यानंतर कंट्रोल रूम. पेरिस्कोप, चाकं, डायल, पाईप, व्हॉल्व्ह, सगळं हाताच्या अंतरावर. पुढे स्वयंपाकाची जागा, मग डिझेल इंजिनं, इलेक्ट्रिक मोटर्स आणि शेवटी पुन्हा टॉर्पेडोचा कप्पा. या शेवटच्या कप्प्यात झोपायचे बंकही आहेत. शस्त्राला खेटून झोपायचं, हे इथे रोजचं होतं.

दरवाजे इतके लहान का?

एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल भोकातून वाकून जावं लागतं. डोकं जपा, कारण तिथे आपटतंच! पण ही रचना जागा वाचवण्यासाठी नाही. पाण्यात दर १० मीटर खोलीला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो. अडीचशे मीटरवर तो सुमारे २५ वातावरणांनी वाढलेला असतो. अशा वेळी एका कप्प्यात पाणी घुसलं, तर तो दरवाजा लगेच बंद करून बाकीची पाणबुडी वाचवायची. दरवाजाच्या पलीकडे आपलीच माणसं अडकली असली तरीही. हे माहीत असलं की त्या गोल दरवाजांकडे पाहण्याची नजर बदलते.

पाण्याखाली इंजिन चालतं कसं?

चालत नाही. डिझेल इंजिनाला हवा लागते. त्यामुळे कुरसुरासारखी पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालायची. बॅटरी उतरली की पृष्ठभागाजवळ यायचं, स्नॉर्कल नावाच्या नळीतून हवा घ्यायची आणि इंजिन चालवून बॅटरी चार्ज करायची. शत्रूच्या नजरेत येण्याचा धोका याच वेळी सर्वांत जास्त. अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुडीला ही अडचण नसते, म्हणून ती फार काळ पाण्याखाली राहू शकते.

विशाखापट्टणमच का?

हे शहर नौदलाच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे. शिवाय पाणबुडी युद्धाची एक मोठी घटना याच समुद्रात घडली. १९७१ मध्ये पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी आपली विमानवाहू नौका विक्रांत शोधत बंगालच्या उपसागरात आली होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ती विशाखापट्टणमजवळ बुडाली. आतले सगळे ठार झाले. ती भारतीय नौदलाने बुडवली, असं भारत सांगतो. अपघाती स्फोटाने बुडाली, असं पाकिस्तान सांगतं. विक्रांत मात्र वाचली.

मग विक्रांत आता कुठे आहे?

मुंबईकरांना याचं उत्तर माहीत आहे. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि पुढे मुंबईत काही वर्षं तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ती लोकांसाठी बंद झाली. २०१४ मध्ये तिला भंगारात काढण्यात आलं. तिच्या धातूचा काही भाग बजाज व्ही या मोटरसायकलमध्ये वापरला गेला.

जी नौका युद्धात शत्रूच्या हाती लागली नाही, ती शांततेच्या काळात आपल्याला सांभाळता आली नाही. यात भावनेइतकाच खर्चाचाही प्रश्न होता. पाण्यात उभं जहाज सतत गंजतं. त्याची डागडुजी कधीच संपत नाही. कुरसुरा विक्रांतपेक्षा कितीतरी लहान होती, त्यामुळे तिला ओढून जमिनीवर आणता आलं आणि पक्क्या पायावर बसवता आलं. खाऱ्या वाऱ्याने तीही गंजते, पण रंग आणि दुरुस्तीसाठी तिच्या सगळ्या बाजूंना पोहोचता येतं. ऑगस्ट २००२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि आजही सुरू आहे.

महाराष्ट्राने आता वेगळा मार्ग धरला आहे. निवृत्त झालेली आयएनएस गुलदार सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात उतरवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना आहे.

जायचं असेल तर काय लक्षात ठेवाल?

• संग्रहालय सहसा सोमवारी बंद असतं. वेळा बदलतात, निघण्याआधी तपासून घ्या.

• बंद जागेची भीती, गुडघेदुखी किंवा दम लागण्याचा त्रास असेल तर विचार करून आत जा. गर्दीत मध्येच मागे फिरणं कठीण असतं.

• आतले गाईड बहुतेक निवृत्त नौसैनिक असतात. सेल्फीआधी त्यांना एक प्रश्न विचारा: पाणी, झोप आणि जेवण यांचं काय करायचात?

• रस्त्याच्या पलीकडे टीयू-१४२ हे विमान आहे. पाणबुड्या शोधणं हेच त्याचं काम होतं आणि १९८८ मध्ये ही विमानं आधी गोव्यात दाबोळीला आली होती. शिकार आणि शिकारी समोरासमोर! दोन्ही बघायला अर्धा दिवस ठेवा.